घरगाडीतलं हळदीचं पाणी

संपादक साहेब, तुमच्या सदरात लोक लिहितात ते मी चष्मा लावून, बोट ठेवून वाचतो. अर्ध्याच्या वर मला थापा वाटतात — स्पष्टच सांगतो. पांढरी साडी, उलटे पाय, झाडावरून हाका... मी आयुष्यभर लोखंडाशी काम केलं आहे. लोखंड खोटं बोलत नाही. आवाज आला तर कुठला तरी नट ढिला असतो, धूर आला तर कुठं तरी तेल जळत असतं. भूतबित काही नसतं, असं मी चारचौघांत मोठ्यानं म्हणणारा माणूस. आजही म्हणतो. तरी एक गोष्ट अशी आहे की तिचा नट मला पन्नास वर्षांत सापडला नाही.

मी चौथी नापास. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करा, मजकुराच्या करू नका.

मी जळगावला एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. मला सगळे नाना म्हणत. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. आमच्या शेटजींच्या नात्यागोत्यातल्या जिनिंग बोदवडला, नशिराबादला, पार धुळ्यापर्यंत होत्या. सीझनला मशीन बंद पडलं की निरोप यायचा — नानाला पाठवा. इंजिनचा आवाज दारातून ऐकून मी सांगायचो की बेअरिंग कुठलं गेलं. ही बढाई नाही. त्या वेळचे लोक आता राहिले नाहीत, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं.

माझी बायको पोर आठ वर्षांची असताना गेली. पोरीचं नाव कमल. दुसरं मूल नाही. दुसरं लग्न कर म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं, मी केलं नाही. पण कामाला बाहेरगावी आठ-आठ दिवस जावं लागे, आणि पोरीला ठेवायची कुणाकडे? शेजारणीकडे ठेवली तर आल्यावर पोर गप्प गप्प दिसायची. तिला विचारलं तर म्हणायची, "काही नही, नाना." त्या 'काही नही'चा मला फार त्रास व्हायचा.

अशात धुळ्याला एका सरकारी खात्याच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला. मी गेलो होतो पाण्याचा पंप बघायला. तिथं कोपऱ्यात, बाभळीखाली, ती उभी होती. युद्धाच्या आधीची विलायती गाडी. पुढून मोटार, मागून लाकडी घर. कोणी इंग्रज इंजिनियर साहेब कालव्यांच्या पाहणीला फिरायचा, तो तिच्यातच राहायचा म्हणे. आत दोन बाजूंना दोन बाक, रात्री त्याच खाटा. भिंतीत कुलपाचं कपाट. स्टोव्ह ठेवायला पत्रा मारलेला कोनाडा. टपाखाली पाण्याची टाकी, तिला पितळी तोटी. खिडक्यांना पडद्यांच्या दांड्या. पुढच्या जाळीवरची कंपनीची अक्षरं झिजून गेली होती, म्हणून नाव लिहीत नाही. टायर चारही गेलेले, टपाचं कॅनव्हास फाटलेलं, एका खाटेत कोंबडीनं अंडी घातलेली.

लोक हसत होते. "हाई घर शे का गाडी?" मी मात्र आत चढलो, आणि मला एकदम दिसलं — एका खाटेवर मी, एका खाटेवर कमल, कोनाड्यात स्टोव्ह. झालं. मी बोली लावली. दुसरं कोणी लावलीच नाही.

ती गाडी चालू करायला मला पाच महिने लागले. फॅक्टरी सुटल्यावर रोज. ब्रेकला अस्तर नव्हतं, तर जिनिंगच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे रिबिट मारून बसवले. पंख्याचा पट्टाही त्याचाच. त्या मापाचे टायर हिंदुस्थानात मिळत नव्हते, म्हणून ट्रकच्या रिंगा कापून बसवल्या. टपाला नवं कॅनव्हास, वर डांबर. खाटांना निवार कमलनं विणली, अकरा वर्षांच्या पोरीनं. पाना मागितला तर पकड देणार नाही, अशी पोर. माझ्याबरोबर गाडीखाली झोपून ग्रीस भरायची. फॅक्टरीचा मुकादम एकदा टोमणा मारून गेला, "नाना, पोरीले फिटर करतस का?" मी खालूनच म्हटलं, "तुना पोऱ्यापेक्षा बरी शे. तो अजून सायकलची चेन उलटी बसवस." परत आला नाही तो.

एक दुखणं मात्र गाडीचं कधीच गेलं नाही. रेडिएटर. आतल्या नळ्या वयानं गेलेल्या. कितीही डाग देऊन झाळा, कुठून तरी थेंब थेंब गळायचाच. जुन्या ड्रायव्हर लोकांना माहीत आहे यावर काय करतात ते — मूठभर हळद टाकायची पाण्यात. हळद गरम पाण्यात फुगते, भेगेत जाऊन बसते, गळती थांबते. दोन-चार दिवस. मग परत मूठभर. हे काम कमलचं. तिचा कपाटात हळदीचा वेगळा डबा होता, स्वयंपाकाचा वेगळा. सकाळी मी हँडल मारायच्या आधी ती पितळी तांब्यानं पाणी घालायची, हळद घालायची, झाकण फडक्यानं आवळायची. आणि तांब्या उजव्या मडगार्डवर पालथा ठेवून द्यायची. ही तिची खूण. तांब्या पालथा म्हणजे 'गाडीचं पाणी झालं, नाना, निघा.' उभा असेल तर मी हँडलला हात लावायचा नाही. रस्त्यात बोनेटमधून वाफ दिसली की मागून ओरडायची, "नाना, गाडीले तीस लागनी!" गाडीला तहान लागली. असं म्हणायची जशी काही गाय आहे.

सहा वर्षं आम्ही त्या गाडीत हिंडलो. बोदवडच्या जिनिंगच्या आवारात गाडी उभी करायची, मी मशीनवर, ती कोनाड्यात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर थापते आहे, वांगं भाजते आहे. वास सगळ्या आवारात. हमाल लोक म्हणायचे, नाना, तुमनं घर तुमना मागे मागे येस. लिहिताना वाटतं, माझ्या आयुष्यात तेवढीच सहा वर्षं खरी.

मग तिचं लग्न झालं. दोंडाईच्याला. स्थळ माझ्यापेक्षा वरचं होतं, खोटं कशाला सांगू. मिरचीचा व्यापार, शेती, वाड्यात विहीर. जावई चांगला, शांत. व्याह्यांना गाव आबा म्हणायचं. मोठा आवाज, मोठी पगडी, आणि चारचौघांत थट्टा करायची सवय. विहीणबाई अक्का, त्या मायाळू होत्या.

आता आखाजीचं सांगतो. बाहेरचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात. आमच्या खानदेशात ती दिवाळीहून मोठी, कारण ती पोरींची. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण पोर आपल्या पायानं येत नाही. माहेराहून मुऱ्हाळी जावा लागतो तिला घ्यायला. भाऊ जातो. तिला भाऊ नाही, म्हणून मीच मुऱ्हाळी. लग्नानंतरची पहिली आखाजी. मी आदल्या दिवशी निंबाला झोका बांधला, गाडी धुतली, आणि निघालो.

दोंडाईच्याला आबांच्या दारात गाडी उभी केली. ओट्यावर दहा-बारा मंडळी बसलेली — व्यापारी, सोयरे. रस्त्यात मी रेडिएटरमध्ये हळद घातलेली होती. गाडी उभी राहिली आणि खालून पिवळं पाणी गळायला लागलं. आबांच्या शेणानं सारवलेल्या अंगणात पिवळं डबकं झालं.

आबा वरून म्हणाले, "नाना, हाई काय लई उनात? गाडीले कावीळ व्हयनी का?"

हे काय घेऊन आलात, म्हणे. ओटा सगळा हसला. मीही हसायला पाहिजे होतं. आज कळतं. थट्टाच होती ती. पण मी फिटर माणूस, माझ्या कामाला हसलेलं मला चालत नाही. मी म्हटलं, "कावीळ आमच्या गाडीला झाली, आबा, तुमच्या नजरेला झाली असं म्हणत नाही मी."

मग हसणं थांबलं. आबांचा चेहरा उतरला, आणि ते म्हणाले, "आमनी सून या डब्बामा बसाव नही. एस्टी शे, रेल्वे शे. तेमा लई जा."

"येई ते याच गाडीमा येई," मी म्हटलं. "नहीतर नही."

कमल दारात उभी होती. गाठोडं बांधून. नवं लुगडं, डोक्यावर पदर. ती हळूच म्हणाली, "नाना, मी एस्टीमा येस ना. तुमी पुढे व्हा गाडी लई. मी ह्यांच्यासोबत येस." मी तिच्याकडे बघितलंही नाही. हँडल मारलं आणि निघालो.

परत येताना मागची खाट रिकामी. झोका मी चार दिवस तसाच ठेवला, मग सोडला. पहिल्या आखाजीला जिचा बाप येऊन तिला न घेता परत गेला, त्या पोरीकडे गाव कसं बघत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त पिवळं डबकं दिसत होतं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. तो मोठा दुष्काळ. फॅक्टरी निम्मी बंद, कापूसच नाही. मला वेळच वेळ. मी वर्षभर गाडीवर काम केलं. रेडिएटर खाली उतरवला, सोडा टाकून उकळत्या पाण्यानं धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला. हळदीचा कण राहू दिला नाही. प्रत्येक नळी झाळली. रंग दिला, हिरवा. पडदे नवे शिवले. ठरवलं होतं — येत्या आखाजीला असा जाईन की अंगणात थेंब पडणार नाही, आणि आबांनी ओट्यावरून उतरून गाडी बघितली पाहिजे.

कमलची तीन कार्डं आली. दुसरीपर्यंत शिकली होती, अक्षर मोठं मोठं. सगळं खुशाल लिहायची, आणि शेवटी एक ओळ — 'नाना, गाडीत पाणी घालता ना? हळद विसरू नका.' मी उत्तर पाठवलं नाही. घेऊनच येणार आहे तर उत्तर कशाला... असं वाटायचं.

आखाजीला चार दिवस राहिले असताना संध्याकाळी फॅक्टरीत तार आली. मला इंग्रजी येत नाही. मुनीमजींनी वाचली — मारवाडी माणूस, म्हातारे, माझ्यावर जीव. म्हणाले, "नाना, कमल बहुत बीमार है. तुरंत बुलाया है." मी पाना खाली ठेवला. ते पुढं म्हणाले, "सुबह नौ की पॅसेंजर है. एक बजे दोंडाईचा. उसी में जाओ."

मी म्हटलं, "गाडी घेऊन जातो."

"इस धूप में? नाना, जिद मत करो."

मी त्यांना समजावलं. पोर आजारी आहे, जळगावच्या दवाखान्यात आणावी लागली तर झोपवून आणायला खाट पाहिजे. रेल्वेत ती कशी झोपेल? मुनीमजींनी तार घडी करून माझ्या हातात दिली. बरोबरच होतं माझं बोलणं. आजपर्यंत मी सगळ्यांना तेच कारण सांगत आलो. इथं मात्र खरं लिहितो. खाट हे कारण नव्हतं. मला गाडीतूनच जायचं होतं. पोर तापानं पडली होती, आणि मी आबांच्या ओट्याचा विचार करत होतो.

उजाडायच्या वेळी निघालो. तिच्यासाठी आखाजीचं लुगडं घेऊन ठेवलं होतं, अंजिरी रंगाचं, ते कपाटात ठेवलं. कपाटात तिचा हळदीचा डबा आणि तांब्या तसेच होते. दोन डबे पाणी बरोबर घेतलं, टाकी भरली. कपाटाला कुलूप, मागच्या दाराला कुलूप, किल्ल्या कमरेच्या करगोट्याला.

अमळनेरपर्यंत ठीक. तिथं थांबून बोनेट उघडलं, तर झाळलेल्या एका नळीतून पाणी येत होतं. वर्षभराचं काम माझं... उन्हानं आणि रस्त्याच्या धक्क्यांनी झाळ सुटली होती. मी डबाभर पाणी ओतलं. मागं जाऊन कपाट उघडलं, हळदीचा डबा हातात घेतला. झाकणही उघडलं. आणि डोळ्यांपुढं अंगणातलं पिवळं डबकं आलं. गाडीले कावीळ व्हयनी का. मी झाकण लावलं, डबा ठेवला, दोन्ही कुलपं लावली.

पंचवीस वर्षं लोखंडात काम केलेला माणूस, साधी हळद टाकली नाही.

बेटावदला दुसरा डबा संपला, टाकी संपली. बेटावदच्या पुढं साधारण तीन मैलांवर इंजिन बंद पडलं. वाफ एवढी की समोर दिसेना. बोनेट उघडून झाकण फडक्यानं काढलं — आत थेंब नाही. कोरडं. वर सूर्य, दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली शेतं, एक झाड नाही. डाव्या हाताला रेल्वेचा रूळ.

मी रिकामे डबे घेऊन पायी निघणार तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. पॅसेंजर. नऊची. माझ्या समोरून गेली ती, हळूहळू. खिडकीतल्या एका बाईनं लेकराचा हात धरून मला टाटा करायला लावला. मी दोन डबे घेऊन तसाच उभा. तिच्यात माझी जागा होती.

नदीकडं गेलो. नदी म्हणजे वाळू. मधोमध बायका झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, गाडीले पानी? आठे माणसंले नही." इथं माणसांनाच नाही, म्हणे. मी सांगितलं, पोर आजारी आहे, दोंडाईच्याला जायचंय. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आपल्या हंड्यातून अर्धा डबा ओतून दिला. बाकीच्या बायका तिच्यावर ओरडल्या. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वं, बाप शे तो." अर्ध्या डब्यानं माझं काही होणार नव्हतं, पण घेतलं. जाऊन-येऊन तास तरी गेला असेल.

आता नीट वाचा. मी जे बघितलं तेवढंच लिहितो.

गाडीजवळ आलो. बोनेट मी उघडं टाकून गेलो होतो, ते बंद होतं. ठीक आहे, वाऱ्यानं पडलं असेल. पण उजव्या मडगार्डवर पितळी तांब्या होता. पालथा.

मी डबा खाली ठेवला. मागं गेलो. दाराला कुलूप. किल्ल्या माझ्या करगोट्याला. दार उघडलं, कपाटाला कुलूप. कपाट उघडलं — लुगडं आहे, हळदीचा डबा आहे, त्याचं झाकण सुटं. थोडी हळद लुगड्याच्या घडीवर सांडलेली. तांब्या नाही.

पुढं आलो. तांब्या उचलला. खाली मडगार्डवर ओलं गोल होतं. तांब्याच्या तोंडाएवढं. बेटावदच्या त्या उन्हात, जिथं थुंकी जमिनीवर पडायच्या आधी वाळत होती, तिथं ओलं गोल. माझ्या डोळ्यांदेखत ते कडेनं लहान लहान होत गेलं आणि गेलं.

बोनेट उघडलं. झाकण फडक्यानं आवळलेलं. काढलं. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला. पिवळं पाणी. हळदीचं. बोट घातलं तर गार होतं... विहिरीचं असतं तसं गार.

आजूबाजूला मी ओरडलो, "कोण शे रे?" रस्त्यावर दोन्हीकडं नजर पोचेल तिथवर कोणी नाही. धुळीत माझ्या पायांशिवाय पाऊल नाही — हे मी शोधून बघितलं, कारण मला माणूसच सापडायला पाहिजे होता. मला भीती वाटली नाही. वाटली ती घाई. हँडल मारलं, पहिल्या हाताला इंजिन लागलं. वाटेत एकदाही उष्णतेचा काटा वर गेला नाही.

दोंडाईच्याला चार वाजता पोचलो. आबांच्या दारात माणसं होती. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. ज्यानं असं दार बघितलं आहे त्याला पुढचं सांगायला लागत नाही.

आबा ओट्यावरून उतरून आले. पगडी नव्हती. माझे दोन्ही हात धरले. "नाना, दोन वाजता गई. विषमज्वर. डॉक्टर सकाळपासून आठेच बशेल व्हता." मग म्हणाले, "मागला साल मी जे बोलनू..." गाडी मी बोळाच्या तोंडाशीच सोडली होती. तिकडं बघून ते म्हणाले, "नाना, गाडी दारशी आना."

वर्षभर मला जे ऐकायचं होतं ते हेच वाक्य.

मी गाडी दाराशी आणली. उभी राहिल्यावर खाली दोन थेंब पडले. पिवळे. सगळ्यांनी बघितले. कोणी हसलं नाही.

आत अक्का तिच्या उशाशी होत्या. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहितो. "नाना, एक वाजापर्यंत दारकडे देखे. पॅसेंजरनी शिट्टी वाजनी ते म्हने, नाना उनात का देखा. तुमना जावई स्टेशनवर जाई उना, तुमी नही. मंग म्हने — ते गाडी लई येतस, माले माहीत शे. आन तेना आधी बारा वाजापासून एकच धोशा, नानानी गाडीले तीस लागनी, पानी टाका. आम्ही पानी तोंडले लावूत, ते म्हने माले नको, गाडीले टाका. तापमा बोलस म्हनीसन आम्ही व्हई व्हई करूत."

बारा वाजता. मी तेव्हा नदीत होतो.

तिचे तळहात पिवळे होते. पण सवाष्ण बाईला नेताना हळद लावतातच, त्यामुळं याला मी पुरावा म्हणत नाही. मी फक्त बघितलं ते सांगतो.

सवाष्णीच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. अक्कांनी विचारलं, "नाना, काही आनेल शे का?" मी कपाट उघडून अंजिरी लुगडं आणलं. घडीवर सांडलेली हळद मी झटकली नाही. तसंच दिलं. मुऱ्हाळी म्हणून आलो होतो, लुगडं देऊन परत गेलो.

तिसऱ्या दिवसानंतर जळगावला आलो. सत्तर-पंचाहत्तर मैल. रेडिएटरमध्ये एक थेंब घालावा लागला नाही. घरी आल्यावर भिकाभाऊ म्हणून माझा जोडीदार फिटर होता, त्याच्याकडून रेडिएटर उतरवून घेतला, मी हात लावला नाही. त्यानं बघून सांगितलं, "नाना, तीन नळ्या फाटल्या आहेत. प्रत्येक भेगेत हळद बसली आहे, सिमेंटसारखी. चांगली घातलीस." मी म्हटलं, "मी नाही घातली." तो म्हणाला, "मग जुनी असेल." जुनी नव्हती. मी सोड्यानं धुतला होता, आणि अमळनेरला तीच नळी गळत होती हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. जुनी हळद असती तर तेव्हाच बसली असती.

नंतर महिन्याभरानं मी बेटावदला गेलो. रस्त्यावरच्या वस्त्या, त्या झिऱ्यावरच्या बायका, गुराखी, सगळ्यांना विचारलं. कोणी म्हणालं नाही की मी घातलं. म्हातारी म्हणाली, "भाऊ, त्या साली कोन कोनले पानी देस?" खरं आहे. आणि कोणी भल्या माणसानं घातलंच म्हटलं, तरी दोन कुलपांच्या आतला तांब्या त्यानं काढला कसा? आणि पालथा का ठेवला? ती खूण जगात दोनच माणसांना माहीत होती.

गाडी मी परत चालवली नाही. विकलीही नाही. निंबाखाली उभी राहिली, टायर मातीत गेले, टपावर पाला साचला. लोक म्हणाले, भंगारात द्या. मी म्हटलं, तुम्ही आपलं बघा.

आबा होते तोपर्यंत दर आखाजीला मी दोंडाईच्याला जायचो. घ्यायला कोणी नव्हतं तरी जायचो. आबा स्टेशनवर येऊन उभे राहायचे. आम्ही दोघं ओट्यावर बसायचो, जेवायचो. गाडीचं पाणी त्यांना मी एकदाच सांगितलं. ते अंगणाकडे बघत म्हणाले, "पोर तुमनी व्हती, नाना." बस, एवढंच.

तुमचे वाचक विचारतील, मग ते पाणी कोणी घातलं? मला माहीत नाही. मी भुतावर विश्वास ठेवत नाही. हे लिहिल्यावरही ठेवत नाही. ज्याच्याकडे उत्तर असेल त्यानं कळवावं, मी ऐकून घेईन. पण खरं सांगू का, मी त्या प्रश्नापाशी पोचतच नाही. अलीकडे बाकी सगळं विसरतो, चष्मा कुठं ठेवला ते विसरतो, औषध घेतलं का ते विसरतो. नऊची पॅसेंजर मात्र मला स्टेशनवार पाठ आहे. पाळधी, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा, शिंदखेडा. दोंडाईचा एक वाजता.

दोन वाजेपर्यंत ती बोलत होती.